जुन्या गाडीला नवा एक्सल : प्रस्तावना

हे पुस्तक मोटारीच्या एकाच सुट्या भागाबद्दल आहे, आणि तोही नवा कोरा, डब्यातून नुकताच बाहेर काढलेला, तरी गाडीत नीट न बसणारा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीचा एक्सल, म्हणजे गिअरबॉक्समधून निघून चाकापर्यंत ताकद नेणारा ड्राइव्ह शाफ्ट, बदलायची वेळ आली की कंपनीचा मूळ भाग हल्ली सहसा हाती लागत नाही. मिळतो तो बाजारातला पर्यायी भाग. त्यातले काही उत्तम असतात, काही चालून जातात, काही बसतच नाहीत. सर्वांत त्रासदायक ते, जे बसल्यासारखे वाटतात आणि थोड्याच दिवसांत तेल गाळू लागतात, गाडी थरथरवतात किंवा वळणावर गिअरबॉक्समधून निसटतात. असं झालं की दोष कुणाच्या माथी येतो, हे गॅरेजात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मिस्त्रीच्या. त्यानं ठोकून बसवला, त्यानं सील फाडलं, त्याला काम येत नाही. मालक चिडतो, मिस्त्री पदरचं तेल घालून तेच काम पुन्हा करतो, दुकानदार लागलेला माल परत घेत नाही. नव्या भागाची मापं मात्र तिघांपैकी कुणीच घेतलेली नसतात.

म्हणून पुस्तकाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. गाडीतून निघालेला जुना एक्सल हा तुमच्या हातातला एकमेव नकाशा आहे. गाडी बनवणारी कंपनी या भागाची कारखान्यातली रेखाचित्रं बाहेर देत नाही. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, नट किती आवळायचा ते मिळतं, पण शाफ्टच्या टोकांवरच्या दात्यांचा व्यास किती, सील जिथं टेकतं तो भाग किती जाड, शाफ्टला धरणाऱ्या लॉकची खाच खांद्यापासून किती अंतरावर, हे बहुधा मिळत नाही. ती सगळी माहिती जुन्या शाफ्टच्या लोखंडात उतरलेली असते, थोडी झिजलेली, पण वाचता येण्याजोगी. तरीही आपल्याकडे पहिलं काम होतं ते जुना शाफ्ट दुकानात बदलीत देऊन टाकण्याचं, नाहीतर भंगाराच्या ढिगात टाकण्याचं. नवा शाफ्ट बसून, गाडी पोटभर चालून, तेलाचा थेंबही न दिसेपर्यंत जुना जपून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ही अडचण आपल्याकडे कधीपासूनची, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. अ‍ॅम्बॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी, या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढं आणि ताकद मागच्या चाकांना. मागचे दोन अर्धे शाफ्ट एका जाड लोखंडी घरात बंद. त्यांची लांबी ठरलेली, ते कुठं वाकत नाहीत, स्टिअरिंगशी त्यांचा संबंध नाही. अशा गाड्यांवर दोन पिढ्यांचे मिस्त्री तयार झाले. 14 डिसेंबर 1983 रोजी मारुती 800 रस्त्यावर आली आणि पुढचीच चाकं ओढणारी आणि पुढचीच वळणारी झाली. मारुतीची भागीदार असलेल्या सुझुकीला ही रचना नवी नव्हती. तिची 1955 सालची सुझुलाइटही पुढच्या चाकांवर चालत होती. पण आपल्या गल्लोगल्लीच्या गॅरेजांना ती नवी होती. 1986 मध्ये 800 चं मोठं रूप आलं, 1993 मध्ये झेन, 1994 मध्ये एस्टीम, 1998 मध्ये सँट्रो, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पिंपरीहून इंडिका. पंधरा वर्षांत देशाची छोटी मोटार पुढच्या चाकांची झाली. एक्सल म्हणजे ठोकून घालायचा दांडा, ही जुनी समजूत मात्र कितीतरी गॅरेजांत तशीच राहिली.

नव्या शाफ्टकडून काय काय मागितलं जातं ते पाहा. त्याची एक बाजू गिअरबॉक्सला जोडलेली, दुसरी चाकाला. चाक खड्ड्यात उतरतं, गतिरोधकावर चढतं, डावीउजवीकडे वळतं. त्याबरोबर शाफ्टचा कोनही बदलतो आणि त्याला लागणारी लांबीही. आणि हे होत असताना चाकाला मिळणारी गती जराही कमीजास्त व्हायला नको. साध्या युनिव्हर्सल जॉइंटला हे जमत नाही. तो 30 अंशांत वाकवला तर एक बाजू एकसारखी फिरत असतानाही दुसरी प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे 13 टक्के मागं पडते आणि दोनदा सुमारे 15 टक्के पुढं धावते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर असा जॉइंट हातातलं चाक थडथडवून सोडेल. यावर आल्फ्रेड रझेप्पा यांनी 1926 च्या सुमारास उपाय काढला. आतल्या आणि बाहेरच्या वाटीत वक्र खाचा, त्यांत सहा गोळ्या, आणि त्या गोळ्यांना दोन्ही शाफ्टांमधल्या कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात धरून ठेवणारा पिंजरा. 1959 मध्ये आलेल्या ब्रिटिश मिनीनं याच जातीचे जॉइंट वापरून आडवं इंजिन आणि पुढची चाकं हे गणित छोट्या, स्वस्त गाडीत बसवून दाखवलं. आज ज्याला आपण ‘व्हील साइड’ म्हणतो तो हा जॉइंट. ‘गिअरबॉक्स साइड’ला बऱ्याच गाड्यांत तीन रोलरांचा ट्रायपॉड असतो. तो कमी वाकतो, पण आपल्या वाटीत आतबाहेर सरकतो, आणि लांबीचा फरक तोच सांभाळतो.

या सगळ्याला वेगाची जोड द्या. 145/70 आर 12 मापाचा टायर असलेली 800 ताशी 60 किलोमीटरनं जाते तेव्हा तिचा शाफ्ट मिनिटाला सव्वासहाशेच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला दहाहून अधिक. त्या प्रत्येक फेऱ्यात गोळ्या आणि रोलर आपापल्या खाचांत पुढंमागं घसरत असतात. अशा भागात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची चूकसुद्धा कुठं ना कुठं तोंड वर काढते.

आता नक्कल कशी होते ते पाहू. मूळ पुरवठादाराकडे गाडी कंपनीचं रेखाचित्र असतं आणि त्यावर प्रत्येक मापाला किती फरक चालेल तेही लिहिलेलं असतं. पर्यायी माल बनवणाऱ्याकडे ते असेलच असं नाही. पुष्कळदा त्याच्याकडे असतो एक नमुना, आणि तोही वापरून काढलेला. धुऊन धुऊन आटलेल्या, कोपरात विरलेल्या सदऱ्यावरून शिंप्यानं नवा सदरा बेतावा, तसं ते काम. नमुन्यावरून माप मिळतं, पण ते माप कारखान्यात ठरवलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाचं होतं की खालच्या, आणि त्यात झीज किती मिसळली, हे त्या एका नमुन्याला विचारून कळत नाही. त्यात व्यापाराचं गणित मिसळतं. जुन्या गाडीच्या प्रत्येक पिढीसाठी वेगळा शाफ्ट बनवणं परवडत नाही, म्हणून जवळपासच्या दोनतीन मॉडेलांना चालेल असा मधला भाग बनतो. डब्यावर तिन्ही मॉडेलांची नावं छापली जातात. तो त्यातल्या एकाला नेमका बसतो, दुसऱ्याला ओढूनताणून, तिसऱ्याला नाही.

यात केवळ नफेखोरी पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. 800 निदान इतक्या संख्येनं विकली गेली की तिचे भाग अजून बनतात. ओपल अ‍ॅस्ट्रा किंवा डेवू सिएलो जपणाऱ्यांचा विचार करा. अ‍ॅस्ट्रा विकणाऱ्या जनरल मोटर्सनं 2017 च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली. डेवूचा इथला संसार त्याआधीच आटोपला. त्या गाड्या रस्त्यावर राहिल्या त्या अशाच कुणीतरी बनवलेल्या पर्यायी भागांवर. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणी करून पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते; एप्रिल 2022 मध्ये मोटारीसाठी त्याची फी पाच हजार रुपये झाली. एवढं करून वडिलांची गाडी ठेवणाऱ्या माणसाला पर्यायी भाग विकत घेऊ नका, असं सांगणं म्हणजे गाडी मोडीत काढा असं सांगणं होय. मला ते सांगायचं नाही. भाग घ्या, पण मोजून घ्या.

दुकानातून सुरुवात करू. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागात काउंटरवर ‘आठशेचा एक्सल द्या’ एवढ्यावर सौदा होतो. हे पुरेसं नाही. कुठल्या वर्षाची गाडी, कार्ब्युरेटरची की एमपीएफआय, गिअर चार की पाच, डावी बाजू की उजवी, एबीएस आहे की नाही, आणि शक्य असेल तर चॅसी नंबर, हे सगळं सांगायला हवं. आडव्या इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्स मध्यावर नसतो, एका कुशीला असतो, त्यामुळं डावा आणि उजवा शाफ्ट बहुधा लांबीला वेगळे असतात. जुना शाफ्ट सोबत नेता आला तर सर्वांत उत्तम. ‘जेन्युइन’, ‘ओईएम’, ‘लोकल’ या पाट्यांवर विसंबू नका. चांगला दुकानदार काउंटरवर दोन शाफ्ट शेजारी ठेवू देतो, आणि अशा दुकानदाराकडे चार पैसे जास्त द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

लांबी हा पहिला प्रश्न, आणि इथंच जास्त गोंधळ होतो, कारण आतला जॉइंट सरकतो. शाफ्टची लांबी एक नसते, दोन असतात : पूर्ण दाबल्यावरची आणि पूर्ण ताणल्यावरची. जुना अर्धवट ताणलेला आणि नवा डब्यातून दाबलेल्या अवस्थेत निघालेला, असे दोन शेजारी ठेवून ‘हा आखूड आहे’ म्हणणं चुकीचं. दोन्ही एकाच अवस्थेत आणून मोजावे लागतात. शाफ्ट खरोखर लांब असेल तर चाक वरखाली होताना रोलर वाटीच्या तळाला जाऊन भिडतात. धक्का मग जॉइंट गिळत नाही. तो एकीकडे गिअरबॉक्समधल्या डिफरन्शियलच्या बेअरिंगवर जातो, दुसरीकडे चाकाच्या बेअरिंगवर. अशी गाडी काही दिवस उत्तम चालते, मग बेअरिंग गुणगुणायला लागतं, आणि तोपर्यंत एक्सलचा कुणाला संशयही येत नाही. आखूड असेल तर रोलर वाटीच्या काठाशी काम करतात, किंवा लॉक ओढला जाऊन शाफ्टच गिअरबॉक्समधून मागं येतो. घाटातल्या तीव्र वळणावर असा शाफ्ट सुटला तर इंजिन नुसतंच रेस होतं आणि गाडी जागच्या जागी ताकद गमावते. हा पैशाचा प्रश्न उरत नाही, जिवाचा होतो.

दुसरा प्रश्न दात्यांचा. दाते मोजायला सगळेच सांगतात, आणि ते मोजावेतच. पण नुसती संख्या जुळली म्हणजे दाते जुळले असं नाही. दात्यांचा आकार त्यांच्या मोड्यूलवर आणि दाबकोनावर ठरतो, आणि ताकद जाते ती दात्यांच्या कुशीतून, टोकावरून नव्हे. म्हणून संख्या तीच, बाहेरचा व्यास जवळपास तोच, तरी हबमध्ये शाफ्ट एकतर शिरत नाही, नाहीतर शिरून हलत राहतो. शाफ्ट गाडीत चढवण्याआधी सुटा हब मिळाला तर त्यात घालून पाहावा. तो हातानं, थोड्या तेलावर, सरळ आत गेला पाहिजे. रंगाचा थर किंवा धारेवरचा बारीक कीस अडवत असेल तर तो ब्रशनं काढता येतो. त्यापलीकडं हातोडी उचलावीशी वाटली की तिथंच थांबावं. ठोकून बसवलेला दाता हबमध्ये अडकतो आणि पुढच्या वेळी हबही घेऊन बाहेर येतो. सैल बसलेला दाता याहून फसवा. गाडी निघताना आणि रिव्हर्स घेताना एकच ‘टक’ ऐकू येतो, आणि प्रत्येक टकबरोबर हबचे दाते खाल्ले जातात. म्हणजे स्वस्त शाफ्ट गाडीचा चांगला हबही घेऊन जातो.

लॉक, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या खाचेत बसणारी सर्क्लिप, दिसायला क्षुल्लक. शाफ्ट आत ढकलला की ती दबते आणि योग्य जागी गेल्यावर फुलून शाफ्टला धरून ठेवते. नकलेत ही खाच मिलिमीटरभर पुढंमागं झाली, किंवा कमी खोल झाली, की क्लिप दबतच नाही किंवा फुलतच नाही. दोन्ही वेळा मिस्त्रीच्या हाताला एक ‘खट्’ हवा असतो, तो येत नाही. हा खट् आल्याशिवाय आणि मग शाफ्टच्या वाटीला हलकेच ओढून तो निघत नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढं जाऊ नये. ओढायचं ते वाटीला धरून. दांड्याला धरून ओढलं तर आतला ट्रायपॉडच निसटतो, आणि मग नव्या शाफ्टचं नवं रबरी बूट उघडून सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

तेलगळतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मिस्त्रीवर सर्वांत जास्त अन्याय इथं होतो. गिअरबॉक्सच्या सीलचा रबरी ओठ शाफ्टच्या ज्या भागावर टेकतो तो भाग नुसता योग्य व्यासाचा असून भागत नाही, तो योग्य रीतीनं घासलेला असावा लागतो. सीलच्या जागेसाठी पृष्ठभागाचा खरखरीतपणा साधारण 0.2 ते 0.8 मायक्रॉन असावा असं मानतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यावर लेथच्या हत्याराच्या तिरक्या, स्क्रूसारख्या रेघा नसाव्यात. अशा रेघा असल्या तर फिरणारा शाफ्ट छोट्या पंपासारखं काम करतो. एका दिशेनं फिरला तर तेल आत रेटतो, उलट फिरला तर बाहेर काढतो. सील नवं, बसवलंय नीट, तरी थेंब थांबत नाही, आणि तेही एकाच बाजूला, असं कोडं पडतं तेव्हा या रेघा बोटाच्या नखानं तपासून पाहा. आणखी एक : जुन्या सीलच्या ओठानं जुन्या शाफ्टवर आपली चाकोरी पाडलेली असते. नव्या शाफ्टवर ओठ वेगळ्या जागी टेकतो. म्हणून शाफ्ट बदलताना सील बदलणं ही काटकसर करण्याची जागा नव्हे. आणि आत जाताना शाफ्टचे दाते ओठाला घासले तर सील तिथंच संपतं. शाफ्ट सरळ धरून, वजन हातावर तोलून आत नेला पाहिजे. एकट्या माणसाला गाडीखाली आडवं पडून ते जमत नाही. दुसरा हात मागावा, त्यात कमीपणा काही नाही.

टोकाच्या आट्यांबद्दल, धूळ अडवणाऱ्या पत्र्याच्या कड्याबद्दल आणि एबीएसच्या दातेरी रिंगबद्दल पुस्तकात छोटी प्रकरणं आहेत. इथं एवढंच सांगतो की जुना नट नव्या शाफ्टवर हातानं, शेवटपर्यंत फिरला पाहिजे. कडं नसेल तर चाकाच्या बेअरिंगमध्ये पावसाळ्याचं पाणी जाईल. आणि रिंगचे दाते कमीजास्त असतील तर गाडीचा संगणक एक चाक वेगळ्या गतीनं फिरतंय असं समजून बसेल.

थरथरीची कहाणी वेगळी. सगळी मापं जुळली, तेल गळत नाही, आवाज नाही, पण ताशी साठसत्तरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी कापते आणि पाय उचलला की शांत होते. चाकांचं बॅलन्सिंग दोनदा करून झालेलं असतं. चाकाचा दोष असता तर थरथर वेगाबरोबर आली असती, अ‍ॅक्सिलरेटरच्या पायाबरोबर नव्हे. ही खूण पक्की लक्षात ठेवावी. ट्रायपॉडला रोलर तीन, म्हणून वाटीच्या खाचा असमान असल्या किंवा रोलर अडखळत असले तर प्रत्येक फेऱ्यात तीन धक्के बसतात. साठच्या वेगाला सेकंदाला तीसएक. काही गाड्यांत लांब शाफ्टवर कंप शोषणारं रबर-लोखंडाचं वजन कंपनी बसवते. पर्यायी शाफ्टवर ते नसेल तर भाग स्वस्त होतो आणि कंप मोकळा होतो. जुन्यावर ते असेल आणि नव्यावर नसेल तर दुकानातच प्रश्न विचारावा.

पण प्रत्येक वेळी दोष नव्या भागाचाच असतो असं मानणंही चूक आहे, आणि हे मी आग्रहानं सांगतो. वीस वर्षांच्या गाडीचे इंजिन माउंट खचलेले असतात. इंजिन बोटभर खाली किंवा एका बाजूला सरकलं की एका शाफ्टला जागा कमी पडते, दुसऱ्याला जास्त होते. लोअर आर्म कधीकाळी दगडावर आपटून वाकलेला असतो. खराब रस्त्यावर पोट घासू नये म्हणून पुढच्या स्प्रिंगमध्ये रबरी ठोकळे घालून गाडी उंच केलेली असते, आणि मग आतला जॉइंट रोजच जास्त कोनात फिरतो. अशा गाडीत कंपनीचा अस्सल शाफ्टही थरथरेल. म्हणून नवा शाफ्ट घेण्याआधी माउंट, आर्म आणि गाडीची उंची पाहा. हे तपासायला फारसा वेळ लागत नाही, आणि त्यानं दुकानदाराशी होणारी निम्मी भांडणं टळतात.

बसवण्याच्या कृतीत एका नटाचं महत्त्व मालकांना पटवून द्यावं लागतं. हबचा नट शाफ्टला धरतो एवढंच नव्हे. अनेक गाड्यांत तो चाकाच्या बेअरिंगचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर दाबून ठेवतो. त्याचा टॉर्क चाकाच्या नटांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तो मॅन्युअलमध्ये पाहून टॉर्क रेंचनंच द्यायचा. नट सैल असताना गाडीचं वजन चाकावर टाकून ती चार फूटही ढकलू नये. ज्या नटाची कड ठोकून खाचेत दाबायची असते तो दर वेळी नवा घ्यावा.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा मुद्दा. जुना मूळ शाफ्ट खरोखर बदलायलाच हवा का? बहुतेक वेळा मरतं ते आधी बूट, म्हणजे रबरी आवरण. ते फाटतं, ग्रीस उडून जातं, धूळ आणि पाणी आत शिरतं, आणि मग गोळ्या आपली खाच खायला लागतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवल्यावर ‘कट कट कट’ ऐकू आलं तर बाहेरचा जॉइंट झिजला. पण फाटलेलं बूट आवाज येण्याआधी दिसलं, तर जॉइंट धुऊन, योग्य ग्रीस भरून, नवं बूट आणि नव्या पट्ट्या लावून तोच शाफ्ट वर्षानुवर्षं चालतो. बाहेरच्या जॉइंटला मोलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं ग्रीस लागतं. साधं चेसिस ग्रीस भरणं म्हणजे जॉइंटला हळूहळू मारणं. जॉइंट झिजलाच असेल तरी मूळ दांडा आणि गिअरबॉक्सकडची बाजू ठेवून नुसता व्हील साइड जॉइंट बदलता येतो, आणि मग लांबी, सील, गिअरबॉक्सकडचा लॉक, हे प्रश्न उद्भवतच नाहीत. दोन्ही बाजूंचे बाहेरचे जॉइंट सारखे असतील तर काही जाणते मिस्त्री त्यांची डावीउजवी अदलाबदल करतात. पुढं जाताना खाचेची एकच कूस झिजते. अदलाबदलीनं ताकद दुसऱ्या, कोऱ्या कुशीवर येते. कायमचा उपाय नव्हे, पण चांगला भाग मिळेपर्यंत गाडी घरी उभी राहत नाही.

मी हे एवढं लावून धरतो त्याला कारण आहे. माप घेता येतं, पोलादाचा कडकपणा गॅरेजात मोजता येत नाही. गोळ्यांच्या खाचा साधारण 58 ते 62 रॉकवेल सी इतक्या कडक असाव्या लागतात, आणि तो कडकपणा पुरेशा खोलीपर्यंत गेलेला असावा लागतो. नकलेत वरचा थर पातळ निघाला तर शाफ्ट पहिल्या दिवशी निर्दोष बसतो, आणि एकाच पावसाळ्यात खाचेचे पापुद्रे निघतात. मूळ शाफ्टनं मात्र लाखभर किलोमीटर चालून आपली परीक्षा दिलेली असते. त्याचा दांडा सरळ असेल, दाते शाबूत असतील, तर तो दांडा टाकून देणं मला पटत नाही.

पुस्तक ज्यांच्यासाठी आहे ते तीन प्रकारचे वाचक आहेत. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यास करणारी मुलं, ज्यांना शाफ्ट तक्त्यावर दिसतो पण त्याच्या नकलेतला फरक कुणी दाखवत नाही. एकट्यानं छोटं गॅरेज चालवणारे मिस्त्री, ज्यांच्या एका दिवसाची कमाई चुकीच्या शाफ्टमध्ये बुडते. आणि आपल्या जुन्या गाडीवर जीव असलेले मालक, ज्यांनी बिल देण्याआधी काय विचारावं हे कळलं पाहिजे. मालकांना एक सांगणं आहे. मिस्त्री शाफ्ट परत करून या म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नका. न बसणारा भाग न बसवणं हे त्याच्या कामातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रामाणिक काम आहे, आणि त्याची मजुरी त्याला मिळायला हवी.

पहिल्या भागात जॉइंटची रचना आणि झिजेची लक्षणं आहेत, दुसऱ्यात मोजणी, तिसऱ्यात बसवणं, चौथ्यात जुन्या शाफ्टची दुरुस्ती. घाई असेल त्यानं दुसरा भाग आधी वाचावा. त्यासाठी लागणारी हत्यारं जवळजवळ प्रत्येक गॅरेजात असतात : व्हर्निअर, पोलादी पट्टी, खडू आणि सपाट फरशी. दुसऱ्या भागाच्या शेवटी मोजमापांचे कोरे तक्ते छापले आहेत. ते भरताना गाडीचं वर्ष आणि बाजू लिहा, शाफ्ट कुठल्या बनावटीचा ते लिहा, दात्यांची संख्या आणि व्यास, सीलच्या जागेचा व्यास, लॉकच्या खाचेचं अंतर लिहा, आणि लांबीच्या रकान्यात ती दाबून मोजली की ताणून, हे नक्की लिहा. त्याच मॉडेलची पुढची गाडी जॅकवर चढेल तेव्हा नवा शाफ्ट जुळतो की नाही, हे तिचा नट सोडण्याआधीच तपासता येईल.